ग्रेडियंट पायरीवर अडतो तेव्हा: विकलज नसलेल्या लॉसने न्यूरल नेटवर्क शिकवण्याची रीत

बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीत कास्टिंगचे फोटो पाहून सदोष नग बाजूला काढणारे न्यूरल नेटवर्क बसवायचे ठरले, की कारखानदार अचूकतेची टक्केवारी विचारत बसत नाही. महिन्याला किती रुपये वाचतील, एवढेच तो विचारतो. समजा, ब्लोहोल (धातूत अडकलेली वायूची पोकळी) असलेला नग तपासणीतून सुटून ग्राहकाकडे गेला आणि परत आला, तर ९०० रुपयांचा फटका बसतो आणि चांगला नग चुकून भंगारात गेला, तर १०० रुपयांचा. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. प्रत्येक कारखान्याचे ते वेगळे असतील. मग हेच रुपये लॉस फंक्शन, म्हणजे मॉडेलची चूक मोजणारे आणि ट्रेनिंगमध्ये कमी करत न्यायचे माप, म्हणून का घेऊ नयेत, असे कोणालाही वाटेल. मात्र ते सरळ तसे घेतले, तर ट्रेनिंग जागचे हलत नाही.

का हलत नाही, हे एका नगावर पाहता येते. नग खरोखर सदोष आहे, मॉडेलने दोषाची संभाव्यता ०.३० दिली आहे आणि ०.५० च्या वर गेल्याशिवाय नग नाकारायचा नाही असे आपण ठरवले आहे. एखादे वेट (नेटवर्कमधला, शिकताना बदलत जाणारा आकडा) किंचित बदलून संभाव्यता ०.३०१ झाली, तरी निकाल ‘पास’ हाच राहतो आणि तोटाही ९०० रुपयेच राहतो. म्हणजे विकलज, ज्याला आपण वर्गात डेरिव्हेटिव्ह म्हणतो, अर्थात लॉसचा उतार, शून्य येतो. सर्व वेटच्या अशा विकलजांचा संच म्हणजे ग्रेडियंट, आणि ट्रेनिंग त्याच्याच आधारे वेट हलवते. नेमक्या ०.५० वर तोटा एकदम ९०० वरून शून्यावर उडी घेतो आणि तेथे विकलज अस्तित्वातच नसतो. पायरीच्या सपाट भागावर ठेवलेली गोटी जशी कोणत्याच बाजूला घरंगळत नाही, तशीच येथे वेटची अवस्था होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘विकलज नाही’ या एकाच शब्दप्रयोगात दोन वेगळ्या अडचणी मिसळल्या जातात. रेलू (ऋण आकड्याचा शून्य करून धन आकडा तसाच सोडणाऱ्या) फंक्शनला शून्यापाशी कोपरा आहे, निरपेक्ष फरकाच्या लॉसलाही आहे. त्या एका बिंदूवर विकलज नाही हे खरे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना (रेलूच्या बाबतीत निदान एका बाजूला) उतार असतो आणि नेटवर्क शिकवण्याची पायटॉर्चसारखी साधने त्या बिंदूवर शून्य धरून पुढे जातात. अशा कोपऱ्यांची काळजी करण्यात वेळ घालवू नये. खरी अडचण पायऱ्यांची आहे, कारण तेथे उतार जवळजवळ सर्वत्र शून्य असतो. ही अडचण जुनीच आहे. फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या १९५८ च्या परसेप्ट्रॉन या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये अशीच पायरी होती, आणि रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनी १९८६ मध्ये बॅकप्रोपगेशन (ग्रेडियंट थराथराने मागे नेण्याची रीत) मांडले ते पायरीच्या जागी सिग्मॉइडसारखे, म्हणजे कोणताही आकडा शून्य ते एक यांच्यात आणणारे, गुळगुळीत फंक्शन घेऊन. त्यांपैकी रोनाल्ड विल्यम्स यांनीच पुढे १९९२ मध्ये पायरी न काढताही ग्रेडियंट अंदाजता येतो, हे दाखवणारी रीइन्फोर्स पद्धत मांडली. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

ग्रेडियंट कोठे तुटतो, ते आधी शोधावे

उपाय निवडण्यापूर्वी तुटण्याची नेमकी जागा हुडकावी. बहुतेक वेळा नेटवर्क धडधाकट असते. शेवटच्या निर्णयावर, म्हणजे आर्गमॅक्स (सर्वांत मोठ्या आकड्याचा पर्याय निवडणे), राउंड (पूर्णांकात आणणे), ‘पेक्षा मोठे’ अशी तुलना किंवा यादीची क्रमवारी लावणे, येथे साखळी तुटते. पायटॉर्चमध्ये आर्गमॅक्स किंवा तुलना वापरली, तर ग्रेडियंटचा धागाच कापला जातो आणि एरर येते. हा बरा प्रकार, कारण निदान चूक कळते. राउंड मात्र फसवे आहे: ते एरर न देता निमूटपणे शून्य ग्रेडियंट मागे पाठवते, पडद्यावर लॉसचा आकडा दिसत राहतो आणि वेट तसूभरही सरकत नाहीत. म्हणून पहिल्या बॅचनंतर (एका वेळी दिलेल्या नमुन्यांच्या गटानंतर) प्रत्येक थराच्या ग्रेडियंटचे मान छापून पाहावे. त्यानंतर फक्त दहा नमुने घेऊन मॉडेलला ते पाठ करता येतात का, हे तपासावे. दहा नमुने पाठ न करणाऱ्या मॉडेलला दहा हजार नमुने देणे म्हणजे विजेचे बिल वाढवणे.

पहिला उपाय: शिकवायला एक लॉस, ठरवायला दुसरा

सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक कामांना पुरेसा उपाय असा, की नेटवर्क क्रॉस एन्ट्रॉपीसारख्या (खऱ्या उत्तराला संभाव्यता कमी दिली, तर दंड करणाऱ्या) गुळगुळीत लॉसवर शिकवावे आणि रुपयांचा हिशेब ट्रेनिंग संपल्यावर, थ्रेशोल्ड (नग नाकारण्याची सीमा) ठरवताना आणावा. दोषाची संभाव्यता प असेल, तर नग पास करण्याचा अपेक्षित तोटा ९०० गुणिले प आणि नाकारण्याचा १०० गुणिले (१ वजा प). पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा होतो तो प ०.१० च्या वर गेल्यावर. म्हणजे या कारखान्यासाठी योग्य थ्रेशोल्ड ०.५० नसून ०.१० आहे, आणि हे काढायला एकही विकलज लागला नाही.

यात एक अट आहे: मॉडेलने ०.१० म्हटलेल्या शंभर नगांपैकी खरोखर दहाच्या आसपास सदोष निघाले पाहिजेत. आधुनिक खोल नेटवर्क्स बहुधा फाजील आत्मविश्वासाने बोलतात, म्हणून वेगळ्या ठेवलेल्या नमुन्यांवर लॉजिटला (सिग्मॉइडमध्ये जाण्याआधीच्या कच्च्या आकड्याला) एकाच आकड्याने भागून संभाव्यता ताळ्यावर आणाव्यात. या पद्धतीला टेंपरेचर स्केलिंग म्हणतात. तो एक आकडा शोधणे काही सेकंदांचे काम आहे.

येथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. सदोष नग कमी असतात म्हणून ट्रेनिंगच्या वेळी त्यांच्या लॉसला नऊपट वजन दिले होते, आणि नंतर वरचा हिशेब करून थ्रेशोल्डही ०.१० ठेवला. तपासणीच्या टेबलाशेजारी नाकारलेल्या नगांचा ढीग लागला, तेव्हा ध्यानात आले की एकच गोष्ट दोनदा मोजली गेली आहे. नऊपट वजन दिले, की मॉडेलच्या दृष्टीने दोषाचे पारडे आधीच नऊपट जड झालेले असते. त्यावर पुन्हा ०.१० चा थ्रेशोल्ड लावल्याने खऱ्या हिशेबात सव्वा टक्क्याच्या आसपास शक्यता असलेला नगही भंगारात जात होता. वजन द्यावे किंवा थ्रेशोल्ड हलवावा. दोन्ही करायचे असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा.

दुसरा उपाय: पायरी घासून उतार करणे

काही मोजमापे नगागणिक सुटी करता येत नाहीत. एफ-वन स्कोअर (किती दोष पकडले आणि पकडलेल्यांपैकी किती खरे, यांचा एकत्रित गुण) हे त्याचे ठळक उदाहरण. तो संपूर्ण संचावरच अर्थपूर्ण असतो. त्यातील ‘बरोबर पकडलेले नग’ या मोजणीच्या जागी संभाव्यतांची बेरीज ठेवली, की मऊ एफ-वन मिळतो: सदोष नगांच्या संभाव्यतांच्या बेरजेची दुप्पट, भागिले सर्व संभाव्यतांची बेरीज अधिक सदोष नगांची संख्या. एक वजा हा आकडा, हा झाला लॉस. वैद्यकीय प्रतिमांमध्ये अवयवाची सीमा आखण्यासाठी वापरला जाणारा डाइस लॉस याच घडणीचा आहे.

यातील खाच बॅचमध्ये आहे. दोषाचे प्रमाण २ टक्के आणि बॅच ३२ नगांची असेल, तर बॅचमध्ये एकही सदोष नग नसण्याची शक्यता ०.९८ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ५२ टक्के येते. अशा बॅचमध्ये अंश शून्य, लॉस नेहमी एक आणि ग्रेडियंट शून्य. निम्म्याहून अधिक बॅचेस काहीच शिकवत नाहीत आणि उरलेल्यांपैकी बहुतेकींचा एफ-वन एकदोन नगांवर डोलत राहतो. त्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये ठरावीक सदोष नग मुद्दाम घालावेत, बॅच परवडेल तेवढी मोठी घ्यावी आणि आरंभ तरीही क्रॉस एन्ट्रॉपीनेच करावा.

आरंभाचा हा आग्रह का, ते आकड्यांत दिसते. आपल्या रुपयांच्या लॉसमध्ये निर्णय नाणेफेकीसारखा संभाव्यतेवर सोपवला, तर सदोष नगाचा अपेक्षित तोटा ९०० गुणिले (१ वजा प) होतो. उडी नाहीशी होऊन सरळ रेषा मिळाली. पण प स्वतः सिग्मॉइडमधून येतो, म्हणून लॉजिटच्या संदर्भात उतार ९०० गुणिले प गुणिले (१ वजा प) इतका असतो. प ०.३० असताना तो १८९ येतो, प ०.०१ असताना जेमतेम ९. म्हणजे मॉडेल सर्वांत ठामपणे चुकते, नेमके तेथेच त्याला दुरुस्तीचा धक्का सर्वांत कमी बसतो. क्रॉस एन्ट्रॉपीचा उतार मात्र त्या दोन ठिकाणी ०.७० आणि ०.९९ आहे, जेवढी ठाम चूक, तेवढा मोठा धक्का. कोऱ्या नेटवर्कला अशा चुका पावलोपावली होतात, म्हणून खऱ्या मोजमापाचे लॉस हे शिकून तयार झालेल्या मॉडेलला धार लावण्यासाठीच ठेवावेत.

तिसरा उपाय: सरासरी तोट्याचा ग्रेडियंट

उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नसून अक्षरांची वा अंकांची ओळ असते, तेव्हा खरी कसरत सुरू होते. बेळगावच्या एका आडत दुकानातील जुन्या रोजकीर्दी वाचणाऱ्या मॉडेलचे उदाहरण घेतो. मजकूर मराठी, मोडीच्या वळणाचे हस्ताक्षर, मध्येच कन्नड नावे आणि कन्नड अंक. कन्नडमधला एक हा अंक घाईत लिहिला, की देवनागरी शून्यासारखा दिसतो, आणि आपल्याकडे १ व ९ यांची गल्लत होते ती वेगळीच. अशा कामात चित्राच्या तुकड्यांचा क्रम अक्षरांच्या क्रमाशी जुळवण्यासाठी २००६ पासून वापरात असलेला सीटीसी लॉस चांगला आधार देतो आणि त्याचा विकलजही निघतो. पण निकाल मोजला जातो तो लेव्हेनश्टाइन अंतराने, म्हणजे किती अक्षरे घालावी, काढावी किंवा बदलावी लागली यावरून. हे अंतर पूर्णांकात असते. अर्थात पुन्हा पायऱ्याच.

अंतर कशात मोजायचे, हेही आधी ठरवावे लागते. ‘बेळगाव’ हा शब्द युनिकोडमध्ये सहा संकेतांचा, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने चार अक्षरांचा आहे. जुन्या वळणाने गा वर अनुस्वार देऊन ‘बेळगांव’ असा वाचला, तर संकेतांच्या हिशेबात सहापैकी एक चूक होते, अक्षरांच्या हिशेबात चारपैकी एक. १ नोव्हेंबर २०१४ पासूनचे सरकारी नाव ‘बेळगावी’ हेसुद्धा या मोजमापाला फक्त एका संकेताच्या अंतरावर दिसते. या भागात त्या एका वेलांटीवरून किती शाई आणि किती घसा खर्च झाला आहे, याची लेव्हेनश्टाइन अंतराला गंधवार्ता नाही.

आकड्यांबाबत तर हे अंतर अधिकच आंधळे ठरते. खरी रक्कम ९१,२५० असताना ११,२५० वाचली काय आणि ९९,२५० वाचली काय, अंतर एकच. रुपयांतला फरक मात्र पहिल्या वेळी ८०,००० आणि दुसऱ्या वेळी ८,०००. म्हणून मी लॉस रुपयांच्या फरकात घेण्याचे ठरवले. हा लॉस मॉडेलपर्यंत पोहोचवायची रीत अशी. मॉडेलकडून एकाच रकमेची अनेक वाचने मागवावीत, त्यांच्या संभाव्यता एकूण एक होईल अशा प्रमाणात आणाव्यात आणि अपेक्षित लॉस काढावा. समजा तीन वाचने आली: ९१,२५० ला ०.५०, ११,२५० ला ०.३० आणि ९९,२५० ला ०.२०. अपेक्षित तोटा शून्य अधिक २४,००० अधिक १,६००, म्हणजे २५,६०० रुपये. प्रत्येक वाचनाच्या लॉग संभाव्यतेवर येणारा उतार म्हणजे त्याची संभाव्यता गुणिले (त्याचा तोटा वजा सरासरी तोटा). पहिल्यासाठी तो उणे १२,८०० येतो, दुसऱ्यासाठी अधिक १६,३२० आणि तिसऱ्यासाठी उणे ३,५२०. तिन्हींची बेरीज शून्य. तोटा कमी करायचा असल्याने उणे उताराची वाचने वर उचलली जातात आणि अधिक उताराची दाबली जातात. येथे लॉस फंक्शनच्या आत कोठेही विकलज काढलेला नाही. लॉसने फक्त प्रत्येक वाचनाची किंमत सांगितली आणि विकलज संभाव्यतांचा घेतला. यंत्रभाषांतरात ही रीत किमान-जोखीम ट्रेनिंग म्हणून ओळखली जाते.

तिसऱ्या वाचनाकडे पुन्हा पाहावे. ९९,२५० हे चुकीचेच आहे, तरी सरासरीपेक्षा कमी चुकीचे असल्याने त्याला उत्तेजन मिळाले. मॉडेल अशा वेळी कमी नुकसानीच्या चुकांकडे झुकते. हे हवे आहे का, हा प्रश्न गणिताचा नव्हे. मी तो दुकानाच्या दिवाणजींना विचारला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, ऐंशी हजारांची चूक मला संध्याकाळी मेळ घालतानाच दिसते, एका रुपयाची चूक वर्षअखेरपर्यंत छळते.” माझा लॉस नेमका उलटा होता. शेवटी रक्कम तंतोतंत जुळली तर शून्य, न जुळली तर एक, आणि मेळात सहज न सापडणाऱ्या लहान फरकाला थोडा जादा दंड, असा लॉस ठेवला. तो तर अगदीच पायऱ्यांचा, पण या रीतीला त्याने काहीच फरक पडत नाही, हीच तिची ताकद.

वाचने मोजकी असतील तर वरचा हिशेब पुरतो. शक्यता अगणित असतील, तेव्हा मॉडेलच्या संभाव्यतेनुसार काही वाचने यदृच्छेने उचलून तोच अंदाज घ्यावा लागतो. हीच विल्यम्स यांची रीइन्फोर्स. तिचा अंदाज सरासरीने बरोबर, पण फार थरथरता असतो. त्यासाठी प्रत्येक तोट्यातून एक आधाररेषा वजा करावी. नमुन्यावर अवलंबून नसलेली कोणतीही रक्कम वजा केली, तरी सरासरी ग्रेडियंट बदलत नाही, थरथर मात्र बरीच घटते. आधाररेषा वगळली आणि सर्व तोटे धन असले, तर उचललेले प्रत्येक वाचन, बरोबर वाचनाच्या जवळ जाणारेसुद्धा, दाबले जाते आणि मॉडेल दिशाहीन भटकते. मॉडेलने यदृच्छा न वापरता दिलेल्या सर्वोत्तम वाचनाचा तोटा आधाररेषा म्हणून घेणे, ही प्रतिमांना मथळे देणाऱ्या मॉडेल्ससाठी २०१७ मध्ये मांडलेली युक्ती सोपी आणि परिणामकारक आहे: यदृच्छेने आलेले वाचन नेहमीच्या वाचनापेक्षा सरस असेल तरच शाबासकी.

पायरी नेटवर्कच्या पोटात असेल तर

कधीकधी पायरी लॉसमध्ये नसून मधल्या थरात असते. उदाहरणार्थ, रोजकीर्दीचे पिवळे पडलेले पान शुद्ध काळे-पांढरे करणारा थर. तेथे पुढे जाताना पायरी वापरावी आणि मागे येताना ती जणू नव्हतीच असे समजून ग्रेडियंट सरळ पुढे सोडावा. हिंटन यांनी २०१२ च्या व्याख्यानांत सांगितलेली आणि बेंजिओ व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासलेली ही स्ट्रेट-थ्रू युक्ती होय. पायटॉर्चमध्ये कठोर (पायरीनंतरच्या) आणि मऊ (पायरीआधीच्या) किमतींमधला फरक डिटॅच करून, म्हणजे ग्रेडियंटच्या धाग्यातून सोडवून, मऊ किमतीत मिळवला, की काम झाले. हा ग्रेडियंट उघडउघड खोटा आहे, तरी पुष्कळदा चालतो. पायरीपासून फार दूरच्या किमतींसाठी तो शून्य करावा, नाहीतर वेट भरकटतात. अनेक पर्यायांतून एक निवडणारा थर असेल, तर गम्बल-सॉफ्टमॅक्स (यदृच्छेने केलेली निवड मऊ करून उतार मिळवणारी युक्ती) अधिक सुसंगत पडते.

ग्रेडियंटला पूर्ण रजा देऊन वेट हलवून पाहण्याच्या पद्धतीही आहेत. जेम्स स्पॉल यांच्या १९९२ च्या एसपीएसए पद्धतीत सर्व वेट एकाच वेळी यदृच्छेने दोन विरुद्ध दिशांना ढकलून फक्त दोनदा लॉस मोजावा लागतो. चार-सहा थ्रेशोल्ड किंवा शेवटचा एखादा लहान थर जुळवायला ती मजेत वापरावी. कोऱ्या नेटवर्कची कोट्यवधी वेट तिच्या भरवशावर सोडू नयेत.

धार लावताना

क्रॉस एन्ट्रॉपीवर मॉडेल स्थिरावले, की लर्निंग रेट (एका पावलात वेट किती हलवायचे ते प्रमाण) दहापट खाली आणावा आणि खऱ्या मोजमापाचा लॉस सुरू करावा. पण त्यात क्रॉस एन्ट्रॉपीचा लहानसा वाटा कायम ठेवावा, अन्यथा मॉडेलच्या संभाव्यता एकाच वाचनावर गोळा होतात आणि यदृच्छेने वेगळे असे काही हाती लागत नाही. रुपयांतले तोटे तसेच घातले, तर ग्रेडियंट हजारांच्या घरात जातो. ते शून्य ते एक या टप्प्यात आणावेत. चाचणीसाठी पाने फोडून न घेता एखाद्या वर्षाची संपूर्ण वही बाजूला ठेवावी, कारण एकाच वहीत हात तोच, शाई तीच आणि गिऱ्हाइकांची नावेही तीच असतात.

किती फेऱ्यांनंतर थांबायचे, हे मात्र थेट खऱ्या मोजमापावर ठरवावे. दोन आकड्यांतला लहान कोणता हे सांगायला विकलज लागत नाही. प्रत्येक फेरीनंतर मॉडेल साठवावे, बाजूला ठेवलेल्या वहीवर न जुळलेल्या रकमा मोजाव्यात आणि ज्या फेरीत त्या सर्वांत कमी निघाल्या ती घ्यावी, मग त्या फेरीची क्रॉस एन्ट्रॉपी आधीच्या फेरीपेक्षा थोडी वाढलेली का असेना. माझ्या रोजकीर्दीच्या कामात ती वाढलेलीच होती, आणि दिवाणजींनी तीच फेरी ठेवून घेतली.